गुणवंतांच्या फोटोंशेजारी थोडी जागा यांनाही द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

निकालांचे दिवस आले की तुमच्या पेपरात गुणवंत मुलांचे फोटो येतात, शेजारी आईवडील उभे, खाली टक्के. मी ते पान रोज आवडीनं वाचते आणि त्या आईबापांचा आनंद बघून मलाही बरं वाटतं, खरंच. पण बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय ती आज लिहूनच टाकते. मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, की आपण आईवडील त्यांच्याबद्दल काय सांगतो? पगार, प्रमोशन, फ्लॅट, परदेश. चारचौघात विचारलं जातं तेही तेवढंच. माझ्या मुलीबद्दल मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो ती या यादीत कुठेच बसत नाही, आणि कुणी ती विचारतही नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी तिशीच्या आसपासची आहे, एका कंपनीत अकाउंट्सचं काम बघते. गेली काही वर्षं ती एका मुलाची मेंटॉर आहे. तो तिच्याकडे आला तेव्हा तेरा-चौदाचा होता. ना नात्यातला ना ओळखीतला, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं दोघांची गाठ घालून दिली. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही, कारण तो आता पेपर वाचायच्या वयाचा आहे आणि त्याचं आयुष्य हे त्याचं आहे.

लोकांना वाटतं मेंटॉर म्हणजे फुकटची शिकवणी. तसं नाहीये ते. ट्यूशनला सर गणित शिकवतात आणि मुलगा घरी जातो. इथे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एक मोठं माणूस फक्त त्या मुलासाठी येऊन बसतं. अभ्यास निघाला तर अभ्यास, नाही निघाला तर गप्पा, गप्पाही नसतील तर नुसतंच शेजारी बसून दोघांनी आपापलं वाचायचं. ऐकायला किती साधं वाटतं ना, पण दर आठवड्याला, ऑफिसात क्लोजिंग, म्हणजे हिशोब बंद करायची धावपळ चालू असताना, स्वतःचं डोकं दुखत असताना, मैत्रिणी फिरायला निघालेल्या असताना हे करायचं म्हणजे साधं नाही. मी बघितलंय तिला.

सुरुवातीचे महिने तो बोलायचाच नाही. हो, नाही, माहीत नाही, एवढंच. सार्वजनिक वाचनालयात भेटायचं असं ठरलेलं, आणि मधे एक काळ असा आला की तो यायचाच नाही, ही तिथे जाऊन ठरलेला पूर्ण वेळ बसायची आणि निघताना त्याच्या आईच्या फोनवर मेसेज टाकायची की आज भेट झाली नाही, पुढच्या वेळी याच वेळेला मी इथेच आहे. ना रागावणं, ना का आला नाहीस म्हणून चौकशी. मग एक दिवस तो आला आणि समोर बसला. का येत नव्हता ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मी विचारलं असतं बहुतेक. तिनं नाही विचारलं, आणि आई म्हणून मला त्या न विचारण्याचा फार अभिमान वाटतो, कारण समोरच्याचा मान राखून गप्प राहणं हे मोठ्यामोठ्यांना जमत नाही.

त्याला कशात रस आहे ते कळायलाही वेळ लागला. बंद पडलेल्या वस्तू उघडायचा नाद होता त्याला, रेडिओ, चार्जर, रिमोट, हाताला लागेल ते. आता माझ्या मुलीला त्यातलं काहीही येत नाही, तिचं सगळं आयुष्य एक्सेलच्या शीटमधे गेलंय. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हे सोड, आधी अभ्यास कर, किंवा त्याला एखाद्या क्लासला घालून मोकळं झालं असतं. तिनं त्याला विचारलं, मला दाखवशील का? आणि मग मल्टीमीटर, म्हणजे वीज मोजायचं छोटं यंत्र, कसा धरायचा, लाल वायर कुठे काळी कुठे, कंटिन्युइटी म्हणजे वायर आतून सलग आहे की तुटलीय ते कसं बघायचं, कुठल्या वस्तूला प्लग काढल्यावरही लगेच हात लावायचा नाही, हे सगळं तो तिला शिकवायला लागला. जो मुलगा तीन शब्दांच्या वर बोलत नव्हता तो समजावून सांगायला लागला, ती चुकली की थांबवून परत सांगायला लागला. एकदा फोनवर बोलताना मी तिला म्हणताना ऐकलं, "अरे मला नाही माहीत, आपण दोघं मिळून बघूया." एवढं शिकलेली, एवढी कमावती मुलगी चौदा वर्षांच्या पोरासमोर किती सहज मला नाही माहीत म्हणतेय, हे ऐकून मी दारातच थांबले.

अभ्यासाचंही सांगते, नाहीतर लोक म्हणतील मार्कांचं काय. एकदा तो गणितात नापास झाला. तिनं शिकवायला घेतलं नाही, त्याच्याकडून पेपर मागून घेतला आणि दोघांनी एकेक गणित परत पाहिलं. पाहिल्यावर कळलं की रीत बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, पण एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आकडे उतरवताना चुकतात, घाईत. हे तिच्या रोजच्या कामातलंच, अकाउंट्समधे निम्मे घोळ असेच होतात. मग तिनं त्याला ती स्वतः ऑफिसात कशी टिकमार्क करत खाली येते ते दाखवलं. पुढच्या वेळी पास झाला. पहिला वगैरे नाही आला, पास झाला. पण मी गणितात ढ आहे असं जे तो सारखं म्हणायचा ते म्हणायचं त्यानं बंद केलं आणि मला वाटतं ते पास होण्यापेक्षा मोठं आहे.

आता एक जरा अवघड प्रसंग. तो लिहिण्याआधी मी मुलीलाही विचारलं आणि त्या मुलालाही तिच्यामार्फत विचारलं, दोघं हो म्हणाले. त्यानं काही दिवस शाळा बुडवली होती आणि घरी माहीत नव्हतं. तिला सांगितलं आणि वर म्हणाला, ताई, आईला सांगू नकोस. अशा वेळी मोठ्या माणसाची खरी परीक्षा असते. गप्प बसलं तर मुलाचा लाडका, पण मग त्या आईच्या पाठीमागे एक गुपित तयार झालं. परस्पर जाऊन सांगितलं तर मुलाचा विश्वास गेला. तिनं त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं की तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला धोका आहे असं काही असेल तर मी ते लपवून ठेवणार नाही. त्याची आठवण करून दिली, शाळेत न जाता तो कुठे जात होता ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली की मी सांगत नाही, तू सांग, मी शेजारी बसते. आणि बसली. तो बोलेपर्यंत बसली, मधे एक शब्द न बोलता. नंतर शाळेत जाऊन काय ते बोलायचं काम त्याच्या आईनं केलं, ही मागे राहिली, कारण ते आईचं काम होतं.

पुढे कधीतरी त्या बाईंचा मला फोन आला. आम्ही दोघी तोवर एकदाही बोललो नव्हतो. त्या म्हणाल्या, ताई, तुमच्या मुलीनं माझ्या मुलाला माझ्यापासून तोडलं नाही. मला आधी तीच भीती होती, की चांगली शिकलेली, चांगलं बोलणारी मुलगी येईल आणि मग माझ्या पोराला आई कमी वाटायला लागेल. मला काय बोलावं कळेना. माझ्या मुलीला शाळेत मिळालेली सगळी बक्षिसं आमच्याकडे आहेत अजून, पण या एका वाक्याच्या बरोबरीचं त्यात काही नाही असं मी अगदी मनापासून सांगते.

मुलीला ट्रेनिंगमधे जे कागद मिळाले होते ते तिनं मला वाचायला दिले आणि त्यावरून मग मी नेटवर शोधत बसले, निवृत्त माणसाला वेळ असतो. तेव्हा कळलं की यावर जगात किती अभ्यास झालाय. अमेरिकेत 1904 साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कोल्टर नावाचा क्लार्क होता. कोर्टापुढे येणाऱ्या पोरांची रांग रोज बघून त्यानं शहरातल्या मोठ्या माणसांना आवाहन केलं की एकेकानं एकेका मुलाचा मित्र व्हा, आणि त्यातून पुढे बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही संस्था उभी राहिली, ती आजही चालू आहे. जज नाही, पोलीस नाही, क्लार्क! मी स्वतः आयुष्यभर क्लार्कचीच नोकरी केली त्यामुळे मला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता.

याच संस्थेतल्या 10 ते 16 वयाच्या 959 मुलांचा एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एका गटातल्या मुलांना लगेच मेंटॉर दिले आणि दुसऱ्याला वेटिंगवर ठेवलं. दीड वर्षानं पाहिलं तर मेंटॉर असलेल्या मुलांत ड्रग्ज सुरू करण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा 46 टक्क्यांनी कमी होतं, दारू सुरू करण्याचं 27 टक्क्यांनी कमी, आणि शाळेला दांडी मारण्याचे दिवस निम्म्याहून कमी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे या मुलांचं आईवडिलांशी नातंही सुधारलं होतं. त्या बाई फोनवर जे म्हणाल्या तेच हे.

त्याआधीचं एक काम आहे एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंचं. हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. ज्यांची परिस्थिती सगळ्या बाजूंनी वाईट होती, गरिबी, घरात भांडणं, आजारपणं, त्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी नीट, जबाबदार, प्रेमळ माणसं झाली. ती कशानं तरली याची जी कारणं सापडली त्यात एक सारखं दिसत होतं, की त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस टिकून होतं. आजी असेल, शिक्षक असेल, शेजारी असेल. एक! दहा लागत नाहीत.

पण हे सगळं वाचून कुणी उत्साहाच्या भरात उद्या सुरू करेल आणि परवा सोडेल, त्यांच्यासाठी मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या दोन संशोधक बाईंनी 2002 साली दाखवलं की एक वर्ष किंवा त्याहून जास्त टिकलेल्या मेंटॉर-मुलाच्या जोड्यांमधे मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली. म्हणजे अर्धवट केलेलं हे काम न केल्यापेक्षा वाईट ठरू शकतं. ज्या मुलाला आधीच मोठी माणसं सोडून गेलेली असतात त्याला अजून एक जण सोडून जातं. म्हणून ज्याला वर्षभर जमणार नाही त्यानं यात पडू नये, पैसे द्यावेत, पुस्तकं द्यावीत, दुसरं काहीही करावं. हे कडक वाटेल, पण मुलाच्या बाजूनं बघितलं की पटतं.

आणखी एक अभ्यास 82 जोड्यांचा आहे, तोही 1995 चाच. त्यात दिसलं की मुलाला सुधारायचंच असं ठरवून जे आले, पहिल्या दिवसापासून मार्क, वागणूक, शिस्त, त्यांच्या बऱ्याचशा जोड्या टिकल्याच नाहीत. ज्यांनी आधी नुसती ओळख होऊ दिली, मुलाला काय आवडतं ते विचारलं, त्यांच्या टिकल्या, आणि मजा म्हणजे अभ्यास वगैरे अडचणींवर मुलं नंतर त्यांच्याशीच मोकळेपणानं बोलली. मुलीनं मल्टीमीटर धरायला शिकण्यात जे महिने घालवले ते वाया गेले असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर सरासरी फायदा माफकच दिसतो, चमत्कार नाही. पण मला चमत्कार नकोच आहे. एखाद्या मुलाचं थोडं सोपं झालं, तर ज्याचं झालं त्याच्यासाठी ते थोडं नसतं.

नातेवाईक विचारतात, यातून हिला काय मिळतं? एवढ्या वेळात एखादा कोर्स केला असता, पगार वाढला असता. मी त्यांना सांगते की ती माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला शिकली, ते कुठल्या कोर्सला मिळतं सांगा. एरिक एरिक्सन नावाचा मोठा मानसशास्त्रज्ञ होऊन गेला, त्यानं माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले, त्यातला सातवा, मधल्या वयातला, हा पुढच्या पिढीसाठी काहीतरी करण्याच्या ओढीचा आहे. माझी मुलगी त्या वयाच्या आधीच तिथे पोचली असं मला वाटतं, आणि हे म्हणताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

दुसरे काही जण म्हणतात, शेवटी तुमचेच संस्कार. कौतुकानं म्हणतात, कळतं मला. पण हे श्रेय मी घेणार नाही. हे काम करायचं तिनं स्वतः ठरवलं, फॉर्म स्वतः भरला, आम्हाला नंतर सांगितलं. मुलांनी काही चांगलं केलं की ते आपल्या खात्यात जमा करून घ्यायची आपल्याला फार सवय आहे. अभिमान वाटायला मालकी कशाला पाहिजे? परक्या माणसाचं चांगलं काम बघून वाटतो तसाच, फक्त कितीतरी जास्त, मला तिच्याबद्दल वाटतो.

अशा मेंटॉर झालेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना मात्र एक सांगावंसं वाटतं. तुमची मोठी मुलगी किंवा मुलगा असं काही करत असेल तर त्याचा ठरलेला वार तोडू नका. घरचा कार्यक्रम त्या दिवशी ठेवून एक दिवस नाही गेलीस तर काय बिघडतंय असं म्हणू नका. तिकडे कुणीतरी वाट बघत असतं. आणि जे पालक आपलं मूल अशा मेंटॉरकडे पाठवतात त्यांनी बिनधास्त चौकशी करावी, संस्था स्वयंसेवकांची पडताळणी करते का, भेट उघड्या, लोकांच्या वावराच्या जागी होते का, पालकांची लेखी संमती घेतली का, भेटीत काय झालं हे संस्थेत कुणी विचारतं का. माझ्या मुलीची अशी सगळी तपासणी झाली होती आणि तिला त्याचा राग नाही आला, उलट ती म्हणाली की जिथे हे विचारत नाहीत तिथे मी गेलेच नसते.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती अशी. निकालाच्या दिवसांत किंवा वर्षात कधीही, थोडी जागा या लोकांसाठी ठेवा. मुलांचे फोटो, नावं नकोत, गरीब बिचाऱ्याचं आयुष्य कसं बदललं अशा मथळ्याखाली तर मुळीच नको, त्यात मदत करणारा मोठा होतो आणि ते मूल लहान होतं. त्यापेक्षा मोठ्या झालेल्या माणसांना लिहायला सांगा, की तुमच्या शाळकरी वयात घराबाहेरचं कोण तुमच्यासाठी टिकून राहिलं होतं, त्यानं नक्की काय केलं होतं. चौकटीत स्वयंसेवक होण्याआधी काय विचार करावा आणि पालकांनी काय तपासावं एवढं छापा. खूप जणांना करायची इच्छा असते पण सुरुवात कशी करायची ते माहीत नसतं, मुलगी सांगते की तिला ऑफिसात हेच विचारतात.

तो मुलगा आता इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. भेटी पूर्वीसारख्या ठरलेल्या नसतात, दोघांना वेळ असेल तेव्हा होतात. तिच्या हेडफोनची एक बाजू बंद पडली होती ती त्यानं मागच्या भेटीत दुरुस्त करून दिली.

पत्र लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या मुलीच्या कौतुकाचा भाग कापा, चालेल. एक वर्ष जमणार नसेल तर सुरू करू नका हा परिच्छेद मात्र कृपया ठेवा. आणि छापताना माझं नाव देऊ नये ही विनंती, कारण माझ्या नावावरून मुलगी आणि मुलीवरून तो मुलगा ओळखू येईल.

आपली विश्वासू,
एका मेंटॉरची आई